थांबायचं काम

भवानीने बटण दाबलं. टाकीत ना धान होतं, ना वाफ. झडप बंद झाल्याचा खटका वाजला आणि त्याच क्षणी झाकणावरचा हिरवा दिवा लागला.

"पुन्हा बघा, अण्णा," ती म्हणाली आणि पुन्हा दाबलं. खटका आणि दिवा, हातात हात घालून आल्यासारखे. मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती.

गिरणीचे मालक अप्पाराव, म्हणजे तिचे अण्णा, दिव्याकडे बघत उभे होते. त्यांचा मुलगा विघ्नेश कंप्यूटरपुढे मान खाली घालून बसला होता. दारापाशी अलमेलु उभी होती, वाफेने भाजलेला उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पट्ट्यांत. उकड्या तांदळाच्या या टाकीवर तिची उमर गेली. आज ती आपला डबा आणि कामाची जुनी साडी न्यायला आली होती. दिवा लागायच्या आधीच घाईने हात घातला, असं ठरवून तिला कामावरून काढलं होतं.

टाकीचा प्रोग्राम भवानीचा. तरुणपणी तिने तो सी भाषेत लिहिला, तेव्हा तीच या टाकीपाशी उभी राहून वाफेचा आवाज ऐकत होती. झडप मिटली तरी वाफ लगेच उतरत नाही. म्हणून तिने यंत्राला नुसतं मोजायला लावलं. मोजायचं, मोजत राहायचं, मोजलेल्याचं काही करायचं नाही. वाफेचा सुस्कारा पुरता विरेपर्यंत तिने तो आकडा वाढवत नेला होता. मोजणी सरली की हिरवा दिवा.

"यंत्र तेंच, प्रोग्राम तोच," ती म्हणाली. "तूं काय बदललंस, विघ्नेश?"

"फक्त कंपायलर, आत्या. जुना आता कुठं मिळत नाही. नव्यानं सगळं चलाख चालतं."

"आणि माझी मोजणी?"

त्याने पडद्याकडे बोट केलं. तिचा प्रोग्राम नव्या कंपायलरने यंत्राच्या बोलीत उतरवला होता, तो तिथे ओळीने मांडलेला होता. झडप मिटायची ओळ होती. तिला खेटून दिवा लावायची ओळ. मधलं काही नव्हतंच.

"कंपायलरनं बघितलं, हा मोजणीचा फेरा नुसताच फिरतो," विघ्नेश हळू म्हणाला. "आकडा कुणाच्या उपयोगास येत नाही. मग काढून टाकला. नियमाप्रमाणे त्याची चूक नाही, आत्या. फेऱ्यांत काम कांहीच नव्हतं."

"थांबणं हेंच काम होतं."

"तें तुम्ही त्याला सांगितलं नाही. एक शब्द जोडायचा होता, हें गाळूं नको म्हणून."

भवानीची कानशिलं तापली. जुना कंपायलर भोळा होता, सांगितलं तेवढं मोजत बसे. हा हुशार निघाला. कुणाला विचारलं नाही, कुणाला कळवलं नाही, वाफेवरचं झाकण काढावं तशी त्याने मोजणी उचलली आणि वर हिरवा दिवा लावून दिला. कढत्या भांड्याला थांबावं लागतं, हे चुलीशी बसलेल्या पोरीलाही ठाऊक असतं.

"बरं," ती म्हणाली. "तो शब्द मी लिहिला नाही. चूक माझी. न तपासता टाकी सुरू केलीस, ती तुझी. हिची कोणती?"

"कसाला ओरडतेस?" अप्पाराव पहिल्यांदा बोलले. "विघ्नेश तो शब्द आत्ता घालेल. दुपारी टाकी चालू होईल. झालं तें झालं. हमालांत बोभाटा कशास? पोराचं नाव जाईल. आपल्यांतलं आपल्यांत राहूं दे."

रस्त्यावर पाऊल पडलं की तमिळ, घरात शिरलं की मराठी, ही त्यांच्या घराण्यांची तंजावरच्या दरबारापासूनची रीत. गिरणीत मात्र अप्पारावांना मराठी एकाच वेळी आठवे, समोरच्याला कळू नये असं काही असलं की. इतका वेळ अलमेलुचाच न्याय चालला होता, आणि ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, परक्या गावात बस शोधणाऱ्या बाईसारखी.

भवानीने ते बघितलं, आणि आपण स्वतःही मघापासून मराठीतच भांडतोय हेही.

"अलमेलु, इंगे वा," ती म्हणाली. इकडे ये. आणि पुढचं सगळं तमिळमध्ये बोलली, दाराबाहेरच्या हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात. मोजणी कुठे गेली ते. दिवा खोटा लागला ते. तू घाई केली नाहीस, घाई यंत्राने केली, ते.

"भवानी," अप्पाराव कळवळून म्हणाले, "मराठींत बोल ग."

"मराठी घरीं बोलूं, अण्णा," ती तमिळमध्येच म्हणाली. "हिला काढलंत ते तमिळमध्ये. सगळ्यांसमोर. आता तुम्ही सांगा."

बाहेर पोती उचलायचा आवाज थांबला होता. अप्पारावांनी नेसलेल्या वेष्टीचा काठ सारखा केला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पडद्यावरच्या ओळींकडे बघत ते तमिळमध्ये पुटपुटले, की चूक तिची नव्हती.

अलमेलुने डबा खाली ठेवला.

"ऐया," ती म्हणाली, "हे त्या पेटीला का सांगताय? माझ्याकडे बघून सांगा."