साडूंचा शर्ट

परदेशातला राजवाडा पाहून अप्पांचे पाय बोलायला लागले होते, तरी बायकोने त्यांना कपड्यांच्या दुकानात ओढलंच. "तुमच्या साडूंना शर्ट घ्यायचाय. अंगाने तुमच्यासारखेच आहेत, जरा पाठ करा इकडे."

साडूंचं नाव निघताच अप्पांचा थकवा पळाला. बायकोच्या हातातला देखणा निळा शर्ट बाजूला सारून त्यांनी पोपटी, गुलाबी फुलाफुलांचा उचलला. "हा घे. खुलून दिसेल त्यांना!" हसू दाबताना त्यांना ठसकाच लागला.

संध्याकाळी हॉटेलवर बायकोने तोच शर्ट त्यांच्यापुढे धरला. "उद्या किल्ला बघायला हा घाला."

"अगं, हा साडूंचा ना?"

"तुमच्यासाठी म्हटलं असतं, तर दुकानाची पायरी चढला असतात? आणि निवडलातही किती हौसेने! साडूंना मी तो निळा घेतलाय."