निवांत हातांची गाडी

हेरंबने पुन्हा बटण दाबलं. गाडी ढिम्म. मागच्या सीटवर आई छाती धरून कण्हत होती.

"बाबांना दवाखान्यात न्यायच्या वेळीही हिने असंच केलं! लिंबू-मिरची बांधली, यासीनने बॅटरी बदलली. त्याच्या गॅरेजात मात्र पहिल्या झटक्यात चालू होते मेली!"

"तिथे तुझे हात निवांत असतात रे," आई धापा टाकत म्हणाली. "स्टिअरिंग नाडी बघतं ना आता?"

"ते रागाने गाडी हाकणाऱ्यांना रोखायला आहे, आई! नाडी उडाली की गाडी अडते."

"घाबरलेली नाडीही तशीच उडते."

हेरंबने तळहात पुसले, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. गाडी हलेना. त्याने स्टिअरिंगवर डोकं आपटलं.

मागचं कण्हणं थांबलं.

"अगंबाई, ढेकर आला! पित्तच होतं," आई म्हणाली. "बरं वाटतंय आता. पण बसलोच आहोत तर डॉक्टरांना दाखवून येऊ."

हेरंबचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने त्याने बटण दाबलं आणि गाडी चालू झाली.

घाटाच्या पहिल्याच वळणावर त्याने आरशात पाहिलं. आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. गाडी आचके देऊ लागली.

आईने बोळा काढला.

"मागे बघू नकोस," ती म्हणाली. "रस्ता बघ."