रिकाम्या सॉकेटचा बोर्ड

"प्रोसेसर कुठाय?" कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईंनी वेल्डरने आणलेला प्रोसेसरचा डबा हलवून पाहिला. डबा रिकामाच होता.

वेल्डरने खिशातून रुमाल काढून काउंटरवर उलगडला. आत दोन रॅम होत्या. मग पिशवीतून मदरबोर्ड काढला, तो मधोमध तडकलेला.

"पडला होय?"

"पाडला."

"कुणी?"

वेल्डर आपल्या हातांकडे बघत राहिला. बाई काय समजायचं ते समजल्या.

त्यात लपवायचं तरी काय! पोराने स्वतःच्या कमाईतून एकेक भाग आणून गेम खेळायला कॉम्प्युटर जोडला होता. बापाने हाका मारल्या, पोराने कानावरचे हेडफोन काढले नाहीत, बापाच्या डोक्यात सणक गेली आणि त्याने कॉम्प्युटर उचलून जमिनीवर आपटला. मोडक्या बोर्डातून तेवढा प्रोसेसर पोराने सोडवला, शर्टाच्या खिशात घातला आणि मित्राकडे निघून गेला. आता आईचा फोन उचलतो, बापाचा नाही.

"माझं ऐका," बाई म्हणाल्या. "हा प्रोसेसर आता मागे पडला. तुमच्या बजेटात नवा प्रोसेसर, त्याला चालणारा बोर्ड, रॅम, सगळं एकमेकांना जुळणारं देते. संध्याकाळपर्यंत मशीन चालू. गेम नुसते पळतील."

"नको. ह्या डब्यातल्याला बसेल असाच बोर्ड पाहिजे."

"अहो, पण डब्यात आहे काय?"

"नसू दे."

काय हेकट माणूस आहे, असं बाईंच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. तरी त्यांनी फळीवरून एक बोर्ड काढला. "हा घ्या. प्रोसेसर बसेल. पण तुमच्या ह्या रॅम नाही चालायच्या, ह्याला नव्या जातीच्या लागतात."

"बघू तरी." वेल्डरने रॅम उचलून खाचेवर टेकवली. बसेना. जरा दाबलं की बसतं, असं पुटपुटत त्याने अंगठा रेटला.

"अहो, अहो!" बाईंनी त्याचं मनगटच धरलं. "इथे जोराचं काम नाही. हे बघा, रॅमची चीर इथे आणि बोर्डाचा उंचवटा तिथे. मोडेल, पण बसणार नाही."

दिवसभर तापल्या लोखंडाशी झटणाऱ्या त्या माणसाने चटका बसावा तसा हात मागे घेतला. अरे देवा, परत मोडला असता की!

"रॅम ह्याच पाहिजेत," तो म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. "मी मोडलं तेवढंच मी आणणार. बाकीचं त्याचं आहे."

बाईंनी स्टूल ओढून माळ्यावर हात घातला, खोकी इकडची तिकडे केली. वेल्डर मान वर करून उभा. नसलाच तर? दुसरीकडे विचारायचं म्हटलं तरी नेमकं काय विचारायचं, तेही त्याला धड सांगता आलं नसतं. बऱ्याच वेळाने बाई धुळीने माखलेला डबा घेऊन उतरल्या.

"प्रोसेसर तोच, रॅम जुन्या जातीची. एवढा एकच राहिलाय." त्यांनी एक रॅम खाचेत टेकवली, दोन्ही टोकांना बेताने दाबली. टक. दुसरी ठेवली. टक.

वेल्डरचा जीव भांड्यात पडला.

"आता प्रोसेसर आणा," बाई म्हणाल्या. "पडून राहिलेला माल आहे, तपासल्याशिवाय मी देत नाही. उद्या बंद निघाला तर माझ्या नावाने शंख."

"तो पोराकडे आहे."

"मग बोलवा त्याला."

"माझा फोन घेत नाही तो."

बाईंनी दुकानाचा फोन त्याच्यापुढे सरकवला.

नंबर त्याला पाठ होता, तरी बोटं दोनदा चुकली. तिकडे घंटा वाजत राहिली.

"हॅलो?" पोराचाच आवाज.

चुकलं माझं, घरी ये. एवढंच तर म्हणायचं होतं.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"बोर्ड मिळालाय," वेल्डर म्हणाला. "तुझ्या रॅम बसल्या त्यात."

ठेवतोय आता हा, असं वाटून त्याने फोन कानावर घट्ट दाबला.

"कुठला बोर्ड?"

वेल्डरने आधी दुकान कुठलं ते सांगितलं, मग डबा डोळ्यांजवळ नेला आणि त्यावरचं इंग्रजी नाव एकेक अक्षर, एकेक आकडा करत वाचलं. मध्येच एक अक्षर गाळलं. बाईंनी त्यावर बोट ठेवलं, मग तेही वाचलं. हे सगळं काय असतं रे, असं त्याने पोराला आजवर कधी विचारलं नव्हतं.

डबा त्याने खाली ठेवला.

"चुकलं रे माझं," निघालं एकदाचं तोंडातून.

"बाबा, सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवर, प्लास्टिकचं झाकण आहे का बघा."

"आहे."

"ते काढू नका. खालच्या पिना केसासारख्या असतात. मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका."

फोन बंद झाला. बाई बोर्ड उचलून बाजूला ठेवायला पुढे झाल्या, तर वेल्डरने हात आडवा घातला.

"राहू द्या तिथेच. पोरगा येतोय."

आणि दोन्ही पंजे बोर्डाभोवती, कुठेही टेकू न देता, आडोशासारखे धरून तो दाराकडे बघत उभा राहिला.