मास्तरांचा फोटो

“मास्तर, कॅमेऱ्याकडे नका बघू. सुईकडे बघा.”

छायाचित्रकार बाईंनी हे कितव्यांदा तरी सांगितलं. मास्तर, एकेकाळचे शिंपी, तेवढ्यापुरते सुईकडे बघत आणि फोटो निघायच्या आत मान वर करत. व्यसनमुक्ती केंद्रातल्या शिवणवर्गात आज त्यांच्याइतकं नटून कुणीच आलं नव्हतं. गुळगुळीत दाढी, चापूनचोपून पाडलेला भांग, ठेवणीतला शर्ट. जणू मुलगी बघायलाच निघाले होते.

बाईंचा जीव मेटाकुटीला आला. पेपरात दारूवर लेखमाला चालू होती. बाटल्या आणि रडणाऱ्या बायका पुष्कळ छापून झाल्या होत्या. या वेळी संपादकांनी बजावलं होतं, माणसं यातून बाहेर कशी पडतात ते दाखवा. हातातलं काम दाखवा. चेहरे मात्र छापायचे नाहीत, उगाच कुणाला त्रास नको.

“माझा छापा हो,” मास्तर म्हणाले. “मला कसला आलाय त्रास? माझी मुलगी हाच पेपर वाचते, लहानपणापासून. माझ्या पिण्याला कंटाळून घर सोडून गेली. कुठे असते, ठाऊक नाही. चेहरा दिसला तर ओळखेल तरी.”

बाईंना गलबलून आलं. त्यांनी चेहऱ्याचा एक फोटो काढला, संपादकांशी हुज्जतही घातली. पण नियम म्हणजे नियम. पेपरात आले ते नुसते हात. एका चिमटीत सुई, दुसरीत दोरा, त्याचं टोक नेमकं नेढ्यात शिरलेलं, अंगठ्यावर इस्त्रीच्या चटक्याचा जुना डाग.

मास्तरांनी पान उलटसुलट करून पाहिलं. “छान आलाय,” म्हणाले आणि घडी घालून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. केंद्रातून हे कळलं तेव्हा बाईंनी जेवणाचा डबा तसाच मिटून ठेवला.

त्याच दुपारी बाईंच्या ऑफिसात फोन वाजला.

“तो सुईदोऱ्याचा फोटो तुमचा ना?” एक तरुण मुलगी विचारत होती. “तो अंगठा माझ्या बाबांचा आहे.”

बाई खुर्चीतून उठल्याच. “हो, मास्तरांचाच! माफ करा हं, त्यांना चेहरा छापून हवा होता. आमचाच नियम आडवा आला.”

“बरं झालं आडवा आला. चेहरा असता तर पान उलटलं असतं मी. त्याच तोंडानं रोज दारू सोडायची शपथ घ्यायचे ते.” मग तिचा आवाज एकदम लहान झाला. “पण हात इतके थरथरायचे, की सुई मीच ओवून द्यायचे. पत्ता सांगता?”