खोलीची किल्ली

हैद्राबादेत लेकीसाठी खोली ठरवून लिंबाजी डोंगरकड्याला परतला, तेव्हा मनकर्णा अंगणात मेंढीच्या मांडीत बोटं घालून नाडी पाहत होती. नर्सच्या शाळेत जायचं ठरल्यापासून तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. घरातल्या सगळ्यांची मनगटं धरून झाली, आता मेंढरं.

"धर, तुझ्या खोलीची किल्ली," बाप म्हणाला.

तिनं किल्ली मुठीत धरली आणि दचकली. लोखंड ठोके देत होतं.

आपल्याच अंगठ्याची नाडी असेल, तिला वाटलं. अंगठ्यानं नाडी पाहू नये, असं दवाखान्यातल्या बाईंनी बजावलंच होतं. म्हणून तिनं किल्ली दोऱ्यानं खुंटीला टांगली आणि नुसती दोन बोटं टेकवली.

ठोके होतेच.

"बा, त्या खोलीत आदी कोन ऱ्हात व्हतं?"

"कोनीच न्हाई. मालकीण म्हने, खोली तुझ्या पोरीचीच वाट पाहून राहिली. काहून गं?"

ती आत गेली, ट्रंक उघडली, बंद केली, पुन्हा बाहेर आली.

"किती येरझारा!" चुलीपुढून माय हसली. "आन इकडं हात. आज मी पाहते तुझी नाडी. तूच शिकवली ना?"

मायनं मनगट धरलं. बोटं सरकवली. मग दुसरं मनगट धरलं. तिचं हसू ओसरलं.

"मने, तुझी लागून न्हाई राहिली गं."

तेवढ्यात खुंटीवरची किल्ली भिंतीवर वाजू लागली. आधी सावकाश, मग घाबरलेल्या पोरीच्या काळजासारखी, भरभर.