शेजारच्या फायली

कल्पना करा बरं, की तुमचं सगळं घर एका संगणकावर चालतं. दिवे तोच लावतो, दार तोच उघडतो आणि घरातल्या माणसांशी गप्पाही तोच मारतो. रेवतीच्या घरातला असा संगणक एके दिवशी बंद पडला. त्याच्या मूळ फायलींपैकी काही गायब झाल्या होत्या, काही खराब. मग बाबांनी शेजारच्या गद्रेकाकांच्या घरातल्या तशाच संगणकातून चांगल्या फायली उतरवून आणल्या.

“घे की, त्यात विचारायचं काय!” एकटे राहणारे काका हसून म्हणाले. जेवायला बोलावलं, तर म्हणाले, “आत्ताच पोटभर जेवलोय.”

दिवे लागले. सगळे जेवायला बसले, तोच घर मायेनं बोलू लागलं, “काका, आजही ताट तसंच? चार घास तरी खा. मुलाला कळवू का?” थोडं थांबून ते म्हणालं, “बरं, नाही कळवत. पण रडू नका.”

आमटी वाढता वाढता आईचा हात थांबला. “अहो, हे कुणाशी बोलतंय?”

“फायलींबरोबर काकांकडचं रोजचं बोलणंही आलं वाटतं,” बाबा ओशाळून म्हणाले. “दुसऱ्याच्या घरातलं आपण ऐकू नये. पुसून टाकतो.”

“बाबा, पुसलं की काका जेवतील?” रेवतीनं विचारलं.



रेवतीनं आपलं वाढलेलं ताट उचललं आणि अनवाणीच बाहेर जाऊन काकांची बेल दाबली. आतून कुणी ओ देईना. तिनं बेलवरचं बोट काढलं नाही.