सहा जणी

मोलकरणी पुरवणाऱ्या एजंटने आपली गाडी व्हॅनला आडवी लावली आणि तो खाली उतरला.

"ब्रिक्ती माझ्याबरोबर येईल. बाकीच्यांनी वर जा."

कुवेतमधल्या महबूलातल्या त्या इमारतीच्या दारात सहा बायका उभ्या होत्या. मधोमध इथिओपियाची ब्रिक्ती. रिग्गईतल्या मालकिणीने इस्त्रीने भाजलेला हात तिने ओढणीत गुंडाळला होता. कालच ती घरातल्या चपलांवर तिथून निसटली होती. बाकीच्या पाच जणी केनियाच्या, घानाच्या, सिएरा लिओनच्या. कालपर्यंत त्या तिला ओळखतही नव्हत्या.

"ती कामगार कचेरीत जाणार," केनियाची मुथोनी म्हणाली. "आणि आम्ही तिच्यासोबत."

त्यांना न्यायला आलेली व्हॅन दापोलीच्या साबीरची होती. त्याची नजर मागे उभ्या असलेल्या कादियातूवर गेली. तिचा राहण्याचा परवाना संपून वर्ष झालं होतं. आठ महिने ती जिना उतरली नव्हती.

"तू कशाला येतेस, बहन? पकडतील तुला."

"हिला अरबी येत नाही. तिथे बोलणार कोण?"

एजंटने मोबाइल काढला. "थांबा, सगळ्यांचे फोटो तुमच्या मालकांना पाठवतो."

कुणी तोंड फिरवलं नाही. कादियातूने तर तोंडावरचा मास्कही उतरवला. "नीट काढ."

मग त्याने व्हॅनच्या नंबरावर मोबाइल धरला. साबीरने क्षणभर स्टिअरिंग घट्ट पकडलं. मग उतरला आणि फडक्याने पाटीवरची धूळ पुसली.

"आता काढा. वाचता येईल."

एव्हाना वरच्या गॅलऱ्यांत माणसं जमली होती. दोघातिघांनी आपले मोबाइल एजंटवर रोखले. त्याने वर पाहिलं, एक शिवी हासडली आणि गाडी बाजूला घेतली.

कचेरीत कारकुनाने ब्रिक्तीचा हात पाहिला. कातडी सोलून निघाली होती.

"हिच्या वतीने कोण बोलणार?"

"मी," कादियातू म्हणाली.

"कार्ड?"

तिने ते काउंटरवर ठेवलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं.

"हे तर केव्हाच संपलंय. तुलाच आत टाकावं लागेल."

"टाका. आधी हिची तक्रार लिहा."

मागच्या बाकावरच्या चौघी उठल्या आणि तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कारकुनाने एकेकीकडे पाहिलं. मग कीबोर्ड पुढे ओढला.